पांढऱ्या रेघेची मागची कड

"घाई कसली, मोजून बघू," असं लुमीर कोटास नेहमी म्हणायचा. तो गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर बसे. यंदा मका हलका आलाय असं कुणी म्हणालं की हेच, पाऊस दोन इंच पडला म्हणालं तरी हेच. त्याची बायको व्लास्ता सांगायची, की लग्नाचं विचारायला त्यानं चार वर्षं लावली. शेवटी तिनंच त्याला विचारलं, "काय रे, माझं काय मोजायचं राहिलंय?"

आमचं कॉलेज लहान. नेब्रास्काच्या त्या भागात मक्याची शेतं जिथं जराशी थांबतात, तिथं त्याच्या विटांच्या चार इमारती आणि एक मैदान. दर शनिवारी लुमीर, एर्व पोस्पिशिल आणि मी त्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाची, साखळी धरायचो. साखळी दहा यार्डांची, दोन्ही टोकांना दोन काठ्या. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला तर तो तुमच्याकडेच राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. अगदी थोडक्याचा प्रश्न आला की पंच आम्हाला आत बोलावतात. मागची काठी एर्वची, पुढची माझी. मधला चिमटा लुमीरचा.

सगळी मदार त्या चिमट्यावर. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते, चार बोटं रुंद. कडेला उभा असताना लुमीर त्या रेघेच्या मागच्या कडेवर साखळीला चिमटा लावायचा. आत गेल्यावर तोच चिमटा त्याच रेघेच्या मागच्या कडेवर टेकवायचा. म्हणजे साखळी होती तिथंच बसते. सव्वीस वर्षं त्यानं हे काम केलं आणि कधी कुणाला शंका आली नाही.

साखळीवाल्यांना पाहुण्यांच्या बाजूला उभं राहावं लागतं, आणि टाळी वाजवता येत नाही. आमची पोरं समोर जिंकत असतात आणि आपण परक्यांच्या घोळक्यात तोंड मिटून उभे. पहिल्या वर्षी मला ते फार जड गेलं. लुमीर म्हणाला होता, की सवय होते. मला झाली नाही. त्याला झाली असं मी समजत होतो.

मी सांगतोय त्या वर्षाआधीची तीन वर्षं आमचा संघ नुसता हरत होता. सामन्याला पोरांचे आईबाप आणि कुणाची तरी कुत्री, एवढीच गर्दी. मग कोच हॅगस्ट्रॉम आला. त्या सप्टेंबरमध्ये आम्ही पहिला सामना जिंकलो, तेव्हा गावानं नशीब म्हटलं. दुसरा जिंकलो, तेव्हा बेकरीत कोलाचे, ते जॅम भरलेले गोड पाव, लवकर संपले. सहावा जिंकल्यावर पाद्रीबाबा शनिवारचं लग्न लावायला तयार होईनात. कापणी अर्धी टाकून लोक मैदानावर यायला लागले. एर्व म्हणायचा, मका काही पळून जात नाही.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. जिंकलो असतो तर विभागाचं विजेतेपद आमचं, कॉलेज उभं राहिल्यापासून पहिलं. वारा असा बोचरा की काठी हातमोज्यातून गार लागत होती. दोन मिनिटं उरली होती आणि चार गुणांनी आम्ही पुढे होतो. चेंडू त्यांच्याकडे होता, चौथा प्रयत्न होता. त्यांचा पोरगा आमच्या तीन पोरांना ओढत पुढे घुसला आणि पडला. पंचांनी चेंडू ठेवला, पाहिलं, आणि आम्हाला हात केला.

आम्ही साखळी घेऊन आत गेलो. लुमीर रेघेवर वाकला. मी साखळी ताणून माझी काठी रोवली आणि मागे वळून पाहिलं. चिमटा रेघेच्या पुढच्या कडेवर होता. साखळी चार बोटं पुढे सरकली होती. चेंडूचं टोक माझ्या काठीपासून एक बोट अलीकडे राहिलं.

पंचांनी चेंडू आमचा म्हणून हात दाखवला. गाव उसळलं. मी गप्प उभा राहिलो. नजर चुकली असेल, असं मनाला सांगत राहिलो.

लुमीर अजून वाकलेलाच होता. मग उठला, गुडघ्याची माती झाडली आणि पंचांपाशी गेला.

"साहेब, माझा चिमटा चुकीच्या कडेला लागलाय. परत मोजा."

पंचांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गर्जणाऱ्या गर्दीकडे. "नक्की?"

"नक्की."

परत मोजलं. चेंडू माझ्या काठीच्या तीन बोटं पुढे निघाला. दुसऱ्याच डावाला त्यांचा उंच पोरगा आमच्या पोरांच्या डोक्यावरून चेंडू झेलून शेवटच्या रेघेपार गेला, सहा गुण त्यांचे. आम्ही हरलो.

हिवाळाभर गावात दुसरा विषय नव्हता. काट्यावर ट्रक लावताना कुणी खिडकीतून डोकं काढून म्हणे, "लुमीर, नीट बघ बाबा, चुकून माझा मका नदीपलीकडच्यांच्या नावावर चढवशील." कुणी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आणि बरेचजण, खरं सांगायचं तर जास्तच लोक, मुद्दाम येऊन त्याचा हात हातात घेत. असा माणूस आपल्या गावात आहे म्हणत. लुमीर दोघांचंही ऐकून पुढचा ट्रक काट्यावर घेई.

ऑगस्टमध्ये कोच हॅगस्ट्रॉम त्याच्या घरी गेला. मीही बरोबर होतो. व्लास्तानं घरी भाजलेला ॲपल पाय कापून वाढला. कोच म्हणाला, की पोरांनी विचारलंय, यंदाही साखळी मिस्टर कोटासच धरणार ना. लुमीरनं कॉफीचा कप बाजूला सारला. मग त्यानं मला विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो. मान वर करायचा धीर झाला नाही.

"मी सव्वीस वर्षांत एकदा चुकलो," तो कोचला म्हणाला. "चुकलो तेही आपल्याच बाजूनं. त्या दिवशी माझा हात घसरला की मी घसरवला, ते मला अजून सांगता येत नाही. रोज आठवून बघतो. नाही सांगता येत. अशा माणसानं साखळी धरू नये."

कोच म्हणाला, की तुम्ही तर कबूल केलंत. लुमीर म्हणाला, की ते नंतरचं झालं. मी आधीचं बोलतोय.

ॲपल पायचा तुकडा माझ्या ताटलीत तसाच राहिला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तो सामन्याआधी तासभर मैदानावर आला. साखळीवाल्यांचं नारिंगी जाकीट व्लास्तानं धुऊन इस्त्री केलेलं. शाळेतल्या गणिताच्या मास्तरीण बाई मिसेस ट्वीट त्याच्या जागी येणार होत्या. तो त्यांच्याबरोबर गवतावर गुडघे टेकून बसला, साखळी ताणली, चिमटा लावला, काढला, परत त्यांच्याकडून लावून घेतला. असं दहा-बारा वेळा. कुठली कड ते त्यानं बोटानं दाखवलं, आणि त्या चुकल्या तेव्हा थांबून राहिला, त्यांच्या लक्षात येईपर्यंत. मग चिमटा त्यांच्या हातात दिला.

माझ्याजवळून जाताना त्यानं माझ्या काठीला सहज हात लावला, ती सरळ केली.

प्रेक्षकांच्या बाकांकडे तो वळलाच नाही. कडेच्या रेघेच्या बाहेरून, रेघेवर पाय पडू न देता, तो फाटकाकडे चालत गेला. कोचनं सराव थांबवला होता. पोरं शिरस्त्राणं काखेत धरून उभी होती. आणि मी, हातात काठी घेऊन, तो मक्याच्या आड जाईपर्यंत बघत राहिलो.