मुखपृष्ठावरच्या दोन ओळी

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत फोटो कंपोजिंगच्या एका कार्यालयात ऑपरेटर होते. तिथल्या पडद्यावर पान दिसत नसे, नुसते शब्द आणि त्यांच्या आधी टाइप केलेल्या आज्ञा. अक्षर केवढं, ओळ मध्यावर की डावीकडे, खाली जागा किती, सगळं आज्ञेनं सांगायचं आणि कागद बाहेर येईपर्यंत देवाचं नाव घेत बसायचं. ओळीच्या सुरुवातीला एक ठरावीक खूण टाकली, की ती ओळ मजकुरात राहायची पण छापली जायची नाही. ही सोय मला फार आवडायची.

वडील निर्मळजवळ शाळामास्तर होते, आणि शाळा सुटली की वाडीत. आमच्याकडच्या केळींच्या जाती, लावणी, रोग, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत लिहून ठेवलं होतं. निवृत्तीनंतर त्याचं पुस्तक करायचं ठरलं आणि तेवढ्यात घशाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी हात टेकले. वडिलांचं एकच मागणं उरलं: पुस्तक जिवंतपणी हातात घ्यायचं.

आतली पानं मी रोज जेवणाच्या सुट्टीत लावली. मुखपृष्ठ तेवढं राहिलं. दादा, माझा मोठा भाऊ, पक्का व्यवहारी. मला मागच्या दारी नेऊन म्हणाला, "छापून यायला महिना जाईल. बाबा तोवर नाहीत. नावाआधी कै. घालून ठेव, तेराव्याला वाटू."

"तुझ्या जिभेला काही हाड?" मी त्याच्यावर कडाडले. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तो म्हणाला तेच केलं.

वडिलांच्या नावाच्या मी दोन ओळी टाइप केल्या. एक साधी, एक कै. असलेली. एक चालू ठेवायची, दुसरी बंद. कै.मुळे ओळ लांबते, ती मध्यावर नीट बसते का ते पाहायला साधी ओळ बंद करून एक प्रत काढली. छान बसली. मला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची आजही शिसारी येते. मग खूण परत फिरवून साध्या नावाची प्रत काढली. वडिलांना दाखवायला घाईत पाकिटात घातली ती मात्र पहिलीच.

वडील उशीला टेकून बसले. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, पण कागद हाती आला की त्यांची भाषा शाळेतली व्हायची. त्यांनी लाल पेन्सिल मागितली. शीर्षकातली एक वेलांटी सुधारली. पेन्सिल खाली नावाशी आली आणि थांबली. तेव्हा मला दिसलं.

"हे तुझ्या दादानं सांगितलं?" आवाज जवळजवळ गेलेलाच होता.

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते, पण खरं तर मुळीच नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. "मध्यावर बरोबर बसलंय," म्हणाले.

दादा रोज त्यांना चमच्यानं पेज भरवायचा. त्या संध्याकाळपासून त्यांनी त्याच्या हातून घास घेतला नाही. तो जवळ आला की तोंड भिंतीकडे करायचे. माझ्या हातून निमूट घ्यायचे. पाकिटात चुकून काय गेलं आणि कुणी टाइप केलं, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी रोज भरवत राहिले आणि गप्प राहिले. अकराव्या दिवशी ते गेले.

दादानं छापखान्यामागे हात धुऊन लागून तेराव्याला पुस्तकं आणली. त्या एका वेलांटीखेरीज मुखपृष्ठावर काही बदलावं लागलं नाही.

माणसं पांगल्यावर तो माझ्याशेजारी ओटीवर येऊन बसला. "बाबा माझ्यावर कशानं रागावले होते? तुला काही बोलले?"

"नाही रे," मी म्हणाले. "आजारपणात माणूस असंच करतं."

त्यानं मान हलवली. मग चाळिशीला आलेला माझा भाऊ हमसून हमसून रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले.