उभ्या ट्रकचं इंजिन

खाण बंद पडल्यापासून बाबांचा ट्रक डिचोलीत आमच्या अंगणात उभा आहे. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ते इंजिन चालू करून ठेवतात. ट्रक मात्र जागचा हलत नाही.

मी शाळेत असताना मुलांच्या शिक्षणावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम वर्गात आल्या होत्या. मोठेपणी शिक्षिका होणार, असं मी त्यांना ऐटीत सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्या पुन्हा आल्या, थेट घरी.

बाहेर इंजिन धडधडत होतं. "कुठे जायचंच नाही, तर चालू कशाला ठेवलंय?" त्यांनी हसून विचारलं. माझं डोकंच फिरलं. तरी मी बॅटरीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, "बी.एड. झालं ना तुझं? मग आता काय करतेस?"

मी उत्तर दिलं, पण त्या आवाजात त्यांना ऐकू जाईना. पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. शेवटी मी चिडून बेंबीच्या देठापासून ओरडले. नेमकं त्याच क्षणी बाबांनी इंजिन बंद केलं आणि सगळ्या वाड्यानं ऐकलं, "आणखी एक कोर्स करतेय!"