शनिवारचा परदेशी वर्ग

ठाण्याच्या मराठी शाळेतून मी एस.एस.सी. झाले तेव्हा विज्ञानात वर्गात पहिली होते. फुलाचे भाग, पानाचं अन्न तयार करणं, मुळं पाणी कशी शोषून घेतात, हे सगळं मला नुसतं पाठ नव्हतं, चांगलं कळलेलं होतं. त्यामुळे मुंबईच्या कॉलेजात नाव घालताना मला कसली धास्ती वाटली नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, जिल्हा कचेरीत कारकून होते. नौपाड्यात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं आमचं बिऱ्हाड. मुलीला कॉलेजात घालायचं त्यांनी ठरवलं तेव्हा कचेरीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं, "कशाला?" अण्णा म्हणाले, "तिला आवडतं म्हणून." यापलीकडे त्यांनी कुणाला कारण दिलं नाही.

कॉलेजातला पहिलाच तास वनस्पतिशास्त्राचा होता. सर आले, त्यांनी फळ्यावर एका मुळाची आकृती काढली आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आकृती मला ओळखू येत होती. शाळेत मी ती अनेकदा काढली होती. पण सर बोलत होते त्यातला एखाददुसरा शब्दच हाती लागे, आणि त्याचा अर्थ मनात जुळवेपर्यंत पुढची चार वाक्यं निघून गेलेली असत. आजूबाजूची मुलं भराभर लिहून घेत होती. मी वहीत ते मूळ काढलं आणि त्याच्या भागांना मराठी नावं दिली. तास संपला तेव्हा वहीत तेवढंच होतं.

घरी आईने विचारलं, "काय शिकवलं गं?"

"मुळं," मी म्हटलं.

"ती तर तुला येतात," आई म्हणाली आणि निर्धास्तपणे कामाला लागली.

दिवाळीपर्यंत असंच चाललं. रात्री मी शब्दकोश घेऊन बसायचे. पुस्तकातलं पान निम्मं कळायचं, पण तासाला बोललेलं कळायचं नाही, आणि कुणी काही विचारलं तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. वर्गात आम्ही मोजक्या मुली. बाकीच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या. त्या वाईट वागत नव्हत्या, पण त्यांच्याशी बोलताना मला आधी मनात वाक्य रचावं लागे, आणि ते रचून होईपर्यंत त्यांचा विषय बदललेला असे.

प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकावर दोघींनी काम करायचं होतं. सगळ्यांच्या जोड्या झाल्या, उरलो आम्ही दोघी, मी आणि एक परदेशी मुलगी. ती जावा बेटावरून आलेली होती. त्यांचा देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि आपल्या सरकारने शिष्यवृत्ती देऊन तिला इथे शिकायला बोलावलेलं. मला वाटलं, परदेशातून आली म्हणजे हिचं इंग्रजी फाडफाड असणार. प्रत्यक्षात तिचं सगळं शिक्षण डच भाषेत झालेलं होतं. इंग्रजी ती इथे यायचं ठरल्यावर शिकली होती. 'व्हेरी' म्हणायचं तर ती 'फेरी' म्हणायची, आणि अडली की ओठ मिटून छताकडे बघायची. मीही तशीच बघायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला आणि तासाभरात एकमेकींशी दहा-बारा शब्द बोललो असू. पण त्या दहा-बारा शब्दांची मला भीती वाटली नाही. कॉलेजात आल्यापासून हे प्रथमच घडत होतं.

तिनेच मला सांगितलं की शनिवारी दुपारी सर एक वेगळा वर्ग घेतात. सरकारी शिष्यवृत्तीवर बाहेरदेशची जी मुलं आली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांचं शिक्षण आपापल्या भाषेत झालेलं. त्यांना आठवड्याभराचं शिकवलेलं पुन्हा एकदा सोप्या, सावकाश इंग्रजीत समजावून द्यायचं, असं कॉलेजाने ठरवलं होतं. "तू पण चल," ती म्हणाली. मी शनिवारी तिच्याबरोबर जाऊन मागच्या बाकावर बसले. वर्गात सयामची दोन मुलं, एक ब्रह्मदेशचा, एक हबसाणातला, म्हणजे इथिओपियाचा, उंच, शांत मुलगा, ती आणि मी.

सरांनी मला पाहिलं. "हा वर्ग परदेशच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तुम्ही कुठल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"ठाण्याची," मी उभी राहून म्हटलं.

सयामच्या मुलाने वळून अगदी मनापासून विचारलं, "हा देश कुठे आला? तिथून बोटीने किती दिवस लागतात?"

सर हसले नाहीत. त्यांनी मला मराठीत विचारलं, "मराठी शाळेतून आलात?"

"हो."

"मग बसा. मीही तसाच आलो होतो," असं म्हणून ते फळ्याकडे वळले.

त्या वर्गाची रीत निराळी होती. सर थोडं सांगायचे, मग म्हणायचे, "आता हे मला सांगू नका, मला येतं. शेजारच्याला सांगा." मग आम्ही जोडीजोडीने एकमेकांना समजावायचो. चुकलं तरी सर मध्ये बोलायचे नाहीत. शेजाऱ्याला कळलं की झालं. माझी शेजारीण ती, तिची मी. ती मला खोडाची रचना सांगायची, मी तिला पानाची. शब्द सापडला नाही की आम्ही हाताने दाखवायचो, आकृती काढायचो, नाहीतर शब्दाला वळसा घालून जायचो. दोन-तीन शनिवारांनंतर मी इतर तासांनाही थोडी सैल बसू लागले.

मग जानेवारीत ती आजारी पडली. आधी नुसता ताप, मग डोळे पिवळे झाले. वसतिगृहाच्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली आणि महिनाभर तेल-तिखटाशिवायचं जेवण आणि विश्रांती घ्यायला बजावलं. वसतिगृहाच्या खाणावळीत दोनशे मुलींच्या स्वयंपाकात तिच्यासाठी वेगळं कोण करणार? मी भेटायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वर्षाच्या परीक्षेत नापास झालं तर शिष्यवृत्ती बंद होईल आणि परत जावं लागेल, एवढं तिने मला सांगितलं आणि डोळे मिटले.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. "परक्या देशाची मुलगी. काही कमी-जास्त झालं तर आपण कुणाला काय सांगणार?" अण्णा म्हणाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाय न बोललेली गोष्ट अशी होती की ती मुसलमान होती, आणि आमच्या घरी आई सोवळ्यात स्वयंपाक करायची. तिचं नाव मात्र इतकं आमच्यासारखं संस्कृत होतं की आईला ते दोन वेळा विचारावं लागलं.

आईने मला विचारलं, "ती भात खाते ना?"

"भातच खातात त्यांच्याकडे."

"मग आण," आई म्हणाली. "पेज घालायला काय होतंय?"

सरांनी वसतिगृहाच्या बाईंशी बोलून परवानगी काढून दिली. स्टेशनापासून घरापर्यंत तिला टांग्यातून आणलं. आईने बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी गादी घालून ठेवली होती. मऊ भात, पेज, उसाचा रस, फोडणी न दिलेलं वरण. आई तिच्याशी सरळ मराठीत बोलायची. "अगं, ऊठ, दोन घास खा आणि मग झोप." तिला ते कसं कळायचं कोण जाणे, पण ती उठायची. शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून चौकशी केली तेव्हा आई म्हणाली, "लेकीची मैत्रीण आहे. बरं नाहीये तिला." काकूंना आणखी विचारायचं होतं, पण आई आत निघून गेली.

मी रोज कॉलेजला जाऊन संध्याकाळी परत यायचे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "आज सरांनी काय सांगितलं?" मी वही उघडली आणि सांगायला लागले. तिने एक प्रश्न विचारला. मला उत्तर देता येईना. दुसरा विचारला, तोही येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तासाला बसले होते, लिहूनही घेतलं होतं, पण त्यातलं दुसऱ्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती रागावली नाही, नुसती उशीवर मागे टेकली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तासाला वेगळ्या तऱ्हेने ऐकू लागले. हे संध्याकाळी तिला सांगायचं आहे, आणि इंग्रजीतच सांगायचं आहे, कारण आमच्या दोघींत दुसरी भाषाच नाही, हे डोक्यात धरून ऐकायचे. कळलं नाही तर तास संपल्यावर सरांच्या मागे जाऊन विचारायचे. असं विचारायचं धाडस मला स्वतःसाठी कधीच झालं नसतं. तिच्यासाठी मात्र झालं. संध्याकाळी तिच्या गादीशेजारी बसून तासभर बोलायचे. व्याकरण कुठल्या कुठे जायचं. पण तिचा चेहरा बघून कळायचं, हे पोचलं, हे नाही. जे पोचलं नाही ते पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगायचं. महिनाभरात मी इतकं इंग्रजी बोलले की तितकं त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात बोलले नव्हते.

अण्णा वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसत. कचेरीत त्यांचं इंग्रजी लिहिण्यातलं, बोलायची वेळ कधी यायची नाही. एक दिवस त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, घसा साफ केला आणि तिला इंग्रजीत अगदी शुद्ध, पूर्ण वाक्यात तब्येत विचारली. त्यांनी ते वाक्य आधी जुळवून ठेवलं असणार. ती उठून बसली आणि मराठीत म्हणाली, "बरी आहे, अण्णा." अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं, पण त्यांचे कान लाल झाले होते.

ती हिंडू-फिरू लागली त्या दिवशी आईने तिचं पान स्वयंपाकघरात मांडलं, माझ्या पाटाशेजारी. तोवर ती बाहेर गादीवरच जेवत होती. अण्णांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा तिच्या पानाकडे, आणि चित्राहुती घालून जेवायला सुरुवात केली. आम्हीही बसलो. आईने तिला वाढलं, मग मला. पुढे ती आईला आईच म्हणू लागली. त्यांच्याकडे आईला 'इबू' म्हणतात असं तिने सांगितलं. आईला तो शब्द आवडला, पण लक्षात राहायचा नाही.

डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलं म्हणून आम्ही संध्याकाळी चेंदणीच्या बाजूने खाडीवर जायचो. एके दिवशी ओहोटीची वेळ होती. चिखलातून तिवरांची मुळं वर आलेली होती, बोटांसारखी, शेकड्यांनी. ती एकदम थांबली. "ही आमच्याकडे आहेत," ती म्हणाली. "आपी-आपी म्हणतात." आणि मग ती बोलतच सुटली. तिच्या वडिलांचं घर समुद्राजवळ होतं. लहानपणी ती अशाच चिखलात भावांबरोबर खेकडे धरायची. ही मुळं खाली न जाता वर का येतात, चिखलात हवा नसते म्हणून झाड वरून श्वास कसं घेतं, हे ती हातवारे करत मला सांगत होती. मी ती तिवरं लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या लेखी ती सरपणाची झाडं. मी चपला काठावर काढल्या, पदर खोचला आणि चिखलात उतरून एक मूळ जवळून पाहिलं. त्याच्यावर बारीक भोकं होती, तिने सांगितली तशीच. परत येताना माझे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते आणि आई दारातच पाण्याची बादली घेऊन उभी राहिली.

परीक्षा झाल्या. प्रात्यक्षिकाच्या वेळी बाहेरून आलेले एक परीक्षक तोंडी प्रश्न विचारत होते. त्यांनी माझ्यासमोर एक फांदी ठेवली आणि हिच्याबद्दल जे माहीत आहे ते सांगा म्हणाले. मी त्यांना परीक्षक समजले नाही, काविळीतून उठलेली मैत्रीण समजले आणि बोलू लागले. मध्ये एक शब्द अडला, तर त्याला वळसा घालून गेले. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि "ठीक आहे" म्हणून पुढच्या मुलीकडे गेले. आम्ही दोघी पास झालो, ती माझ्यापेक्षा चार गुण जास्त मिळवून. तिची शिष्यवृत्ती चालू राहिली.

पुढची तीन वर्षं दिवाळीला आणि मे महिन्यात ती आमच्याकडेच असायची. बी.एस्सी. होऊन ती परत गेली त्या दिवशी अण्णांनी रजा काढली आणि आई प्रथमच मुंबईचा धक्का बघायला आली. आईने तिला मेतकुटाचा डबा दिला. बोट दिसेनाशी झाल्यावरही आई कठड्याला धरून उभी होती, आणि अण्णा तिला चल म्हणाले नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी मला डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञानशिक्षिकेची नोकरी लागली. डोंबिवली तेव्हा लहान होती. आवारं, विहिरी, चाफ्याची झाडं, आणि मानपाड्याच्या बाजूला गेलं की नुसती भातशेती. नेमणूक झाल्यावर मी पेढे घेऊन सरांना भेटायला गेले. त्यांचे केस पांढरे झाले होते. जावाच्या मैत्रिणीचं ठीक चाललंय ना, हे त्यांनी आधी विचारलं. तीही शिकवते आहे, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "तुम्ही कॉलेज सोडल्यावर मी कॉलेजाला विनंती केली. तो वर्ग आता सगळ्यांना खुला आहे. यंदा रत्नागिरीचे सात आहेत, खानदेशातले पाच, आणि बाहेरदेशचे तिघेच."

मी वाकून नमस्कार केला आणि कसंबसं म्हटलं, "सर, त्या दिवशी तुम्ही मला बसू दिलंत."

"मी कुठे काय केलं? बसलात तुम्ही," सर म्हणाले. त्यांनी पेढा मोडून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः घेतला. "डोंबिवलीला राहायची सोय झाली का? पाणी कसं आहे तिथलं?"

विहिरीचं पाणी गोड आहे, असं मी सांगितलं, आणि मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो.