काठोकाठ भरलेल्या ताटल्या

आबा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या उसाला दारे धरायचे. पाटाच्या पाण्याची पाळी आली की फावडं घेऊन सरीसरीत पाणी वळवायला निघायचे. आई खुरपायला जायची. पुणतांब्यात आमची जमीन म्हणाल, तर घराखाली होती तेवढीच. त्यातून मी एम.एस्सी. झाले, वस्तीतली पहिली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला निघाले. त्याआधीच डॉक्टरांनी आबांचं यकृत कडक झाल्याचं सांगितलं होतं. आबा दारूला कधी शिवले नाहीत. गावानं ते मानलं नाही, ते सोडा.

स्टेशनवर जयभीम करायला सगळी वस्ती आली. आबा म्हणाले, "तिथं म्हनं लिव्हर बनवत्यात. माझ्यापुरतं एक बघ बाई. लई मोठं नको." सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी त्याचसाठी चालले होते.

तिथल्या प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं, यकृत वगैरे काही बनत नव्हतं. उंदराच्या यकृताच्या पेशी सुट्या करून ताटलीत कोलॅजेनच्या दोन थरांमध्ये ठेवायच्या आणि त्या किती दिवस जगतात ते बघायचं, एवढंच.

पहिल्याच लाँग वीकेंडला पेशी तहानतील म्हणून मी ताटल्यांत मीडियम, म्हणजे त्यांचं पोषणाचं पाणी, काठोकाठ भरलं. पाणी मिळतंय तोवर भरून घ्यायचं, हे आमच्याकडे बागायतदारही करतात. मंगळवारी सगळ्या मेलेल्या. पाणी खोल झालं की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही.

फोनवर आबांना सांगितलं. म्हणाले, "अगं, उभ्या पान्यात मूळ गुदमरतं. दारं धरनाऱ्याची लेक ना तू? मालकावानी काय करती?"

मग मीडियमचा पातळ थर ठेवला. पेशी जगू लागल्या, अल्ब्युमिन हे यकृताचं प्रथिन बनवू लागल्या. तिकडे आबांच्या पोटात पाणी झालं. रक्तात अल्ब्युमिन कमी पडलं की तसं होतं. माझ्या ताटलीत ते रोज तयार होत होतं, आणि त्यांच्या काही कामाचं नव्हतं. ते गेले तेव्हा मी पोचू शकले नाही.

आता कुणी गाव विचारलं, की पुणतांबाच सांगते. पण तिथं चार दिवस झाले की पेशी ठेवलेल्या इन्क्युबेटरची काळजी लागते, आणि इथं अमेरिकेत तर कुणाला घरी बोलवावंसंही वाटत नाही. दोन्हीकडे पाहुणीच. थकायला होतं.

आबा गेल्यानंतरच्या वर्षी आमच्या पेशी दोन महिने जगल्या. माणसात बसवण्याजोगं यकृत मात्र आम्हाला करता आलं नाही.