इर्जिकीचे शेंगोळे

आधी काही वर्षं मी ‘गांडूळवाल्या बाई’ होते. श्रीरामपुरातली आमची छोटी संस्था रासायनिक खताशिवाय शेती शिकवायची आणि मी गावोगाव गांडूळखत करायला लावत फिरायचे. नाव काही मिरवण्यासारखं नव्हतं, पण त्या नावाच्या बाईला घरोघरी चहा मिळायचा. पुढे, नव्वदच्या दशकात, त्याच गावांत एड्सनं माणसं जायला लागली. त्यांना हात लावायला कोणी धजेना, तेव्हा संस्थेनं तेही काम अंगावर घेतलं आणि नर्सिंग शिकलेली म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी ‘एड्सवाल्या बाई’ झाले आणि चहा बंद झाला.

पुणतांब्याकडच्या एका गावात आमची सगळ्यात पक्की शेतकरी म्हणजे तिशीतली एक विधवा. नवरा ट्रक चालवायचा. तो एड्सनं गेला आणि तपासलं तर तिलाही लागण झालेली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या काळी आमच्या हातात औषध असं नव्हतंच. ताप उतरवायचा, जुलाब थांबवायचे, पोटाला नीट मिळतंय ना ते पाहायचं आणि धीर द्यायचा. गावानं तिला वाळीत वगैरे टाकलं नव्हतं. सगळे तिची चौकशी करायचे, लांबून. फक्त तिच्या घरचं पाणी कोणी पीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात ती तापानं अंथरुणाला खिळली आणि बाजरीत तण माजलं. ती बाजरी म्हणजे तिचं वर्षाचं खाणं. मी म्हटलं, मजूर लावू, संस्था पैसे देईल.

“न्हाई बाई,” ती म्हणाली, “मी इर्जिक घालते.”

इर्जिक म्हणजे शेजारपाजारच्यांनी मिळून एकाच्या रानातलं काम दिवसात उरकायचं. मजुरी कोणी घेत नाही, पण दुपारचं जेवण त्या घरचंच जेवायचं, आणि पुढे त्या घरानंही इतरांच्या रानात जाऊन फेड करायची. मी मनात म्हटलं, बाया कामाला येतील, पण जेवतील का? त्यात तिनं बेत ठरवला हुलग्याच्या शेंगोळ्यांचा. शेंगोळा म्हणजे पिठाची वळी, एकेक करून तळहातावर वळायची.

“अगं, हातानं वळत कशाला बसतेस? खिचडी टाक,” मी म्हटलं.

“खिचडी पळीनं बी हुती. माझ्या हातचं खात्यात का न्हाई, ते मला बगायचंय.”

इर्जिकीच्या दिवशी सकाळी पोचले तर वाटलं होतं त्याहून जास्त बाया आलेल्या. माझा जीव सुपाएवढा झाला. मग बांधावर नजर गेली. बाभळीखाली फडक्यांची गाठोडी ओळीनं ठेवलेली. प्रत्येकीनं घरून भाकरी बांधून आणली होती. “आजारी मानसाला सैपाकाचा तरास कशाला,” एक जण मला समजावत होती. माझी जीभ तशीही तिखट, आणि तिच्यावर बरंच काही आलं होतं. पण माझ्याआधी ती आजारी घरधनीणच बोलली.

“भाकर बांधून रोजानं जात्यात, इर्जिकीला न्हाई. रोज द्यायला माझ्याकडं पैसं न्हाईत. तुमी माघारी जावा. बाजरी गेली तर जाऊ द्या.”

आवाज चढवला नाही तिनं. उभं राहायची ताकद नव्हती म्हणून बांधावर टेकली, इतकंच. मग तिची चुलतसासू वाकली. या म्हातारीच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. तिनं आपलं फडकं सोडलं आणि भाकरी नेऊन बांधावर बांधलेल्या गाईपुढे टाकली.

“काय शिजवलंयस गं?”

“शेंगोळे, आत्याबाई.”

“लसूण बक्कळ घातलाय का?”

“घातलाय.”

“मग व्हा पुढं. खुरपं कुठंय माझं?”

बायांतल्या दोघी गाठोडी उचलून आपापल्या घरी निघून गेल्या. बाकीच्यांची फडकी एकेक करून सुटली. गाईची त्या दिवशी चंगळ झाली.

दुपारपर्यंत बाजरी स्वच्छ झाली. तिनं स्वतः वाढलं. एक नवी सून काढा घ्यावा तसे डोळे मिटून शेंगोळे गिळत होती. म्हातारीनं मात्र दोनदा मागून घेतले आणि मीठ कमी पडल्याचंही सुनावलं. मला आमच्या या शेतकरणीचा फार अभिमान वाटला. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या कामाचाही वाटला. हा आजार जेवणानं लागत नाही, असं मी घरोघर सांगून घसा कोरडा केला होता. त्यातलं थोडं मुरलं होतं तर.

संध्याकाळी आम्ही दोघी भांडी घासायला बसलो.

“जेवल्या की सगळ्या,” मी म्हटलं.

“जेवल्या. पन इर्जिक फेडावी लागती, बाई. मला कोन बोलवतंय आपल्या रानात?”

मी पुढचं पातेलं घासायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी तिचा ताप बघत बसले होते, तेव्हा चुलतसासू दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“परवा आमच्या रानात इर्जिक हाय. बरं वाटत आसलं तर ये. न्हाई झेपलं तर बांधावर बस.”

एवढं बोलून ती निघाली. अंगणाच्या कडेला जाऊन थांबली आणि मागे वळली.

“आन भाकर बांधून आनू नको.”