समाचाराला येऊ नये

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावून धरली आणि पेन्सिलीचे टोक उजव्या बाजूला वर टेकवले. "पल्मनरी ट्युबरक्युलॉसिस," ते म्हणाले. म्हणजे फुप्फुसाचा क्षय. पेन्सिलीखाली सुपारीएवढे काळे वर्तुळ होते. त्याला कॅव्हिटी म्हणतात. रोगाने फुप्फुस पोखरून केलेली ती पोकळी असते.

१९७१चा पावसाळा संपत आला होता. मी चौतीस वर्षांचा, नगरच्या एका दैनिकात उपसंपादक. दोन महिने संध्याकाळी अंग कसकसत होते, कोरडा खोकला होता, विजारी सैल झाल्या होत्या. हे सारे मी जागरणावर ढकलले. खोकल्यातून रक्त पडले तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

उपचार असे होते. स्ट्रेप्टोमायसीनचे रोज एक इंजेक्शन. आयसोनियाझिडच्या गोळ्या. पास नावाची पूड, दिवसातून तीनदा पाण्यातून. या पुडीने पोटात ढवळते. सुरुवातीला रुग्णालयात आणि पुढे घरी, मिळून दीड वर्ष. एकही दिवस चुकवायचा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले.

शहराबाहेरच्या क्षयरोग रुग्णालयात मला खाट मिळाली. खाटा लांबलचक व्हरांड्यात होत्या, कारण मोकळी हवा हा उपचाराचाच भाग होता. भेटीची वेळ चार ते सहा. भेटायला येणाऱ्यांनी खाटेपासून लांबच्या बाकावर बसायचे.

आमचे मूळ गाव कोल्हार. आमच्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला जावेच लागते. न जाणारा माणूस पुढे लग्नात आणि मयतीत बोलणी खातो. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच एस.टी.ने माणसे येऊ लागली. थोरले चुलते तात्या दर रविवारी यायचे आणि सोबत तीनचार जणांना आणायचे. बायका बाकावर बसल्या की आधी पदर डोळ्यांना लावायच्या. मग कोणाचा तरी दीर, कोणाचा मेहुणा असाच खोकत होता आणि कसा गेला, हे तपशिलाने सांगितले जाई. उठताना प्रत्येक जण म्हणे, "मन घट्ट कर."

माणसे वाईट नव्हती. कामे टाकून, दोन गाड्या बदलून ती येत होती. पण ती गेल्यावर मला जेवण जात नसे. सातची पास पोटात राहत नसे.

बातमीदारीची सवय म्हणून मी वही ठेवली होती. तीत रोजचा सहाचा ताप, जेवण, उलटी आणि आलेल्यांची नावे. तीन आठवड्यांनी वही पुन्हा वाचली. ज्या दिवशी कोणी आले नव्हते त्या दिवशी ताप नव्व्याण्णवच्या आसपास होता. ज्या दिवशी बाक भरला होता त्या दिवशी, एकच दिवस वगळता, शंभराच्या वर. आलेल्या चौदा जणांपैकी नऊ जणांनी कोणाच्या ना कोणाच्या मरणाची हकीकत सांगितली होती.

मी वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. एका माणसाच्या वहीवरून शास्त्र होत नाही, असे म्हणाले. तुम्ही दोन तास बसून बोलता, त्या श्रमानेही ताप चढत असेल. मग मी विचारले, मनाचा या रोगाशी संबंध आहे की नाही?

"जंतू तुमच्या मनाला भीत नाहीत," ते म्हणाले. "ते इंजेक्शनला भितात. पण पास उलटून पडली तर औषध काय करणार? झोप नाही, अन्न नाही, तर भोक भरायला शरीर सामान कुठून आणणार? मन एवढं करू शकतं. हे काही थोडं नाही."

त्या दुपारी मी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि खाटेच्या डोक्याशी लावल्या. 'समाचाराला येऊ नये. बरा झाल्यावर कळवीन.' माझी पत्नी शालिनी रोज पावणेचारला येऊन व्हरांड्याच्या फाटकाजवळच्या कठड्यावर बसू लागली. येणाऱ्याला ती तिथेच थांबवायची, प्रकृती सांगायची आणि परत पाठवायची.

याची किंमत तिने दिली. माझ्या चुलतीने फाटकातच सर्वांदेखत म्हटले, "नवरा झाकून ठिवलाय बाईनं. आमची काय दिष्ट लागती का त्याला?" शालिनी फाटकातून हलली नाही.

तात्यांना मात्र तिने आत सोडले. वडील माणूस. ते बाकावर बसले नाहीत. कागद पाहून म्हणाले, "वसंता, मानसं तोडू नगं. उद्या काय झालं तर खांदा द्यायला कोन यील?"

"तात्या, मला खांदेकरी नकोत. मला कामावर जायचंय."

त्यांनी टोपी नीट केली आणि ते निघाले.

शेजारच्या खाटेवर कर्जतकडचे धोंडिबा होते. वय पन्नाशीचे. त्यांनी सगळे ऐकले होते. तीन महिन्यांत त्यांच्याकडे कोणी फिरकले नव्हते. लेकाने भीतीने येणे सोडले होते. ते उठून बसले आणि तात्यांना हाक मारली. "अवं पाव्हनं, एवढ्या लांबनं आलाय तर आमच्याकडं बसा की. आमाला बी आजारच झालाय."

तात्या थांबले. मग बाक धोंडिबांच्या समोर ओढून बसले. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी आपल्या मावसभावाच्या क्षयाची आणि मरणाची गोष्ट काढली. धोंडिबांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "त्याच्याकडं बैलं किती हुती?" तिथून गोष्ट बैलांवर गेली. सहाची घंटा झाली तेव्हा दोघे हसत होते.

त्यानंतर कोल्हारची माणसे धोंडिबांच्या समाचाराला येऊ लागली. डॉक्टरांनी बाक लांब ठेवायला सांगितले, बाकी हरकत घेतली नाही. दर सोमवारी वजन होई. एका महिन्यात धोंडिबांचे वजन दोन किलोंनी वाढले. मी माझ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचो. माझेही दोन किलोंनी वाढले. जी माणसे माझा ताप चढवत होती, त्याच माणसांमुळे धोंडिबांना भूक लागत होती. रोग्याला माणसांत ठेवावे की एकटे, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर मला मिळालेले नाही. रोग्याला विचारावे, एवढेच सांगता येते.

डिसेंबरात युद्ध सुरू झाले. माझे सहकारी आयुष्यातल्या सर्वात मोठ्या बातमीवर काम करत होते आणि मी थर्मामीटर जिभेखाली धरून वॉर्डातला रेडिओ ऐकत होतो. त्या आठवड्यात मी एकदाही पास टाकली नाही. रागाने प्यायलो. रागही उपयोगी पडतो. नेहमी प्रसन्न राहा असे सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

फेब्रुवारीत माझी स्प्युटम टेस्ट, म्हणजे थुंकीतील जंतूंची तपासणी, लागोपाठ तिसऱ्यांदा निगेटिव्ह आली. एक्स-रेत पोकळी मिटत आली होती. धोंडिबांची तपासणी मात्र पॉझिटिव्हच राहिली. त्यांनी पूर्वी दोनदा इंजेक्शने सुरू करून सुगीला अर्ध्यावर सोडली होती. त्यामुळे रेझिस्टन्स आला होता, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते.

मला सोडले त्या दिवशी तात्या आले. फाटकात उभे राहून ते कोल्हारच्या माणसांना सांगत होते, "आमच्या वसंतानं मन घट्ट केलं, म्हनून उठला. हाय खाल्ली असती तर गेला असता." इतके महिने रागावलेले तात्या आता अभिमानाने बोलत होते. गप्प राहिलो असतो तर सगळे मिटले असते. मी गप्प राहिलो नाही. मागच्या खाटेवर धोंडिबा होते, आणि त्यांना हे सगळे ऐकू जात होते.

मी म्हणालो, तात्या, मी औषधाने उठलो. या व्हरांड्यात सर्वात घट्ट मन त्या खाटेवर आहे आणि त्यांचे जंतू अजून जिवंत आहेत. मन लागते ते पुडी पोटात ठेवायला आणि नको असलेल्या माणसाला फाटकातून परत पाठवायला. त्यापुढचे श्रेय मला देऊ नका, नाहीतर त्यांना दोष द्यावा लागेल.

तात्या फाटकातून आत वळले. ते धोंडिबांकडे गेले आणि बाकावर बसले.

धोंडिबांना दुसऱ्या औषधांसाठी पुण्याला हलवले. माझी दीड वर्षाची औषधे परवा संपली. हे लिहीत असताना धोंडिबा पुण्यातच आहेत. महिन्यातून एकदा तात्या पुण्याला जाऊन येतात. शालिनीचे, डॉक्टरांचे आणि ज्यांनी रोज पहाटे सुया उकळल्या त्या सिस्टरांचे ऋण मी मानतो.

ज्यांना हा आजार झाला आहे त्यांनी औषध चुकवू नये. तुम्ही चिंता करून हा रोग ओढवून घेतलात, असे कोणी म्हणाले तर त्याला बाहेरची वाट दाखवावी. निरोप घेताना मी धोंडिबांना विचारले होते की तुमच्याबद्दल लिहू का. ते म्हणाले, "लिवा की. म्हनावं, धोंडिबा लई हसला. पर जंतू बी लई खोडीलच हायेत सायेब, ते बी हसत्यात. आता बघू कोनाचं तोंड आदी दुकतंय."