आत्याची गुळणी

कडूआत्या रागावली की तोंडात पाण्याची गुळणी धरायची. कोंबड्या वाळत घातलेल्या भातात शिरोत, नाहीतर हात दाखवूनही एसटी पुढे निघून जावो, आत्या पिशवीतली बाटली काढायची, तोंड भरून घ्यायची आणि गाल फुगवून उभी राहायची. आळीतली पोरं हसायची. राग उतरला की ती पाणी थुंकत नसे, गिळायची. "थुकलं तर सगळाच बाहेर पडंल गो," म्हणायची.

आधीचं तिचं तोंड ज्यांनी ऐकलंय त्यांना ही गुळणी कळेल. ती माझी सख्खी आत्या नव्हे. आटगावजवळच्या आमच्या गावात ती सगळ्यांचीच आत्या, आणि 'कडू' तिच्या शिव्याशापांमुळे. आमची शेळी तिच्या वालात शिरली तेव्हा दारात येऊन आईला म्हणाली होती, "तुझ्या घरात दिवा लावायला कोन उरनार नाय." त्याच साली हायवेला मोटारसायकलवरून पडून माझा भाऊ गेला. आईने तेव्हापासून तिचं नाव टाकलं.

पुढे आत्या काही महिने वाशिंदला लेकीकडे राहिली. तिथे चाळीतल्या एका खोलीत प्रार्थना व्हायची. तिथे जाऊन जाऊन तिनं बाप्तिस्मा घेतला. शिव्या सोड, असं प्रार्थना घेणाऱ्या पाळकांनी सांगितलं होतं. पाण्याची युक्ती मात्र तिची स्वतःची. "येशूनं मला नवीन केलं, पन जीभ जुनीच ठेवली," म्हणायची.

गावी परतल्यावर तिनं नवंच काढलं. ज्याला ज्याला शाप दिला, त्याच्या घरी जाऊन तो मागे घ्यायचा. लोकांना गंमत. कुणी चहा पाजायचं, कुणी म्हणायचं, "आत्या, तुझा शाप कधी लागलाच नाय." शेवटी ती आमच्याकडे आली. आई तांदूळ निवडत होती.

"वैनी, मी बोलले ते मागं घ्यायला आले. माफ कर."

आईने सूप खाली ठेवलं. "मागं घेतेस? म्हंजे तो शाप तूच लावला व्हतास. इतकी वर्सं मला नुसता संशय होता. आता मागं घेतेस तर माझा पोर पन दे."

आत्याच्या हातात बाटली होती, पण ती तिनं उघडली नाही. "ते माझ्यानं नाय व्हनार," एवढंच म्हणाली.

शापाने कुणी मरत नाही, हे मी आईला शंभरदा सांगितलं असेल. आत्याला मात्र वाटेतच अडवायचं मला सुचलं नाही, याची रुखरुख अजून जात नाही.

त्यानंतर दर रविवारी वाशिंदची प्रार्थना करून आत्या आटगावला उतरली की घरी जाण्याआधी आमच्या दाराशी येऊन उभी राहायची. आई आतून कडी घालायची. जरा वेळ थांबून आत्या निघून जायची. भर पावसातसुद्धा. "कशाला येतेस?" मी एकदा चिडून विचारलं. "तुझ्या आईनं कधी दार उघडलं, आन मी नसले तर?"

यंदा आत्या लेकीकडेच वारली. मातीला मी गेले, आई आली नाही. परत आले, सवयीने आतून कडी घातली. आई वाल सोलत बसलेली. "पुरली का?" तिनं मान वर न करता विचारलं. माझ्या जिभेवर असं काही आलं, जे नंतर मागे घेता आलं नसतं. मी तांब्या उचलला आणि तोंड भरून पाणी घेतलं.

आई माझ्या फुगलेल्या गालांकडे बघत राहिली. मी पाणी गिळलं.

"किती रविवार उभी राह्यली गो ती," आई म्हणाली आणि उठून तिनं दाराची कडी काढली.